पाणी मानवत नाही

माशांशी आमच्या घराण्याचा संबंध पिढीजात आहे, पण तो ताटातला. मूळ गाव कणकवलीजवळ आणि वस्ती लालबागला, अशा माणसाला मासा म्हटलं की त्याची तुकडी, त्याचा काटा आणि त्याचा भाव, यापलीकडे काही सुचत नाही. लहानपणी आईनं आम्हा तिघा भावांना चर्नीरोडचं तारापोरवाला मत्स्यालय दाखवायला नेलं होतं. १९५१ साली ते ज्यांनी उघडलं, त्यांचा हेतू ज्ञानप्रसाराचा असणार. आईनंही ज्ञानप्रसारच केला. प्रत्येक काचेपुढे उभी राहून ती याचं सुकं चांगलं, याला कोकम जास्त लागतं, हा नुसता काट्यांचा, असं आम्हाला समजावून सांगत होती. शेवटच्या काचेपर्यंत पोहोचलो तेव्हा आमच्यामागे दहाबारा अनोळखी माणसं ऐकत उभी होती.

तेव्हा मासे पाळणं हा प्रकार आमच्याकडे कोथिंबिरीची जुडी पाळण्याइतकाच चमत्कारिक. तरीही २०१७ साली आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत दीड हात लांबीची काचेची टाकी आली. ती आणवली समोरच्या खोलीतल्या काकूंनी. "घरात पोहते मासे असले की पाळणा हलतो," असं त्यांनी कुठल्याशा वास्तुशास्त्राच्या पुस्तकात वाचलं होतं. आमचं लग्न २००८ सालचं. नऊ वर्षांत पाळणा हलला नव्हता आणि चाळीनं चौकशीचे सगळे मार्ग संपवले होते. चाळीत भिंती असतात त्या फक्त खिळे ठोकण्यासाठी. बातम्या त्यांना अडत नाहीत.

क्रॉफर्ड मार्केटातून मी मासे आणले. चार गप्पी, दोन एंजल आणि दोन बाला शार्क. एंजल देताना दुकानदार म्हणाला, "साहेब, नवराबायको आहेत." बाला शार्कबद्दल तो म्हणाला, "हे पण." आईनं चष्मा लावून टाकीत डोकावून पाहिलं. "ह्येंची कढी तरी व्हतली काय रे?" नाही म्हटल्यावर ती पुन्हा मालिकेकडे वळली.

गप्प्यांनी महिन्याभरात काकूंचं शास्त्र खरं करून दाखवलं. एका सकाळी टाकीत डोळे असलेल्या स्वल्पविरामांची गर्दी दिसली. सगळी चाळ पाहून गेली. काकूंनी पेढे मागितले. मला वाटलं, चला, निदान टाकीचा तरी पाळणा हलला. पण गप्पी हा प्रकार मुळी पुरावा म्हणून धरण्यासारखा नाही. हा दक्षिण अमेरिकेच्या उत्तर टोकाकडचा मासा. ट्रिनिदादमधल्या गप्पी नावाच्या साहेबावरून याचं नाव पडलं. त्याला कुठलंही पाणी चालतं. आपली महापालिका डासांच्या अळ्या खायला त्याला विहिरींत नि हौदांत सोडते, तिथंही त्याचा संसार तेवढ्याच जोमानं चालतो. मादी अंडी घालत नाही, थेट पिल्लंच. आणि एकदा नराची भेट झाली की त्या एका भेटीवर पुढचे कित्येक महिने तिची बाळंतपणं होत राहतात. एकदा खातं उघडलं की व्याज आपोआप जमा. मात्र आईबाप आपलीच पिल्लं खातात, त्यामुळे शिल्लक फार राहत नाही. गप्पी पाहिला की मला माझा थोरला भाऊ आठवतो. खाण्यावरून नव्हे. याच खोलीत, याच पडद्यामागं त्याला दोन मुलं झाली आणि मग तो डोंबिवलीला राहायला गेला. पाणी तेच होतं, एवढंच मला म्हणायचंय.

एंजल आणि बाला शार्क मात्र ढिम्म. शार्क तर नुसते लांब होत होते. मी क्लोरीन उडावं म्हणून पाणी आदल्या रात्री बादलीत काढून ठेवत होतो, दाणे वेळेवर टाकत होतो. चाळीतल्या पहाटेच्या नळावर आणखी एका बादलीसाठी मी जी भांडणं केली, तेवढी स्वतःच्या संसारासाठी केली नव्हती. सगळं करून जमेची बाजू शून्य. मी कॉमर्सचा पदवीधर. गुंतवणूक आहे आणि परतावा नाही म्हटलं की मला झोप लागत नाही.

आमच्या काउंटरवर दर महिन्याच्या एक-दोन तारखेला एक काका पेन्शनचं पासबुक भरायला येतात. पासबुक छापायचं यंत्र दारातच बसवलंय, पण त्यांना ते माणसाच्या हातून भरून हवं असतं. मत्स्यव्यवसाय खात्यात माशांच्या बीज केंद्रावर त्यांची नोकरी झालेली. वर्षानुवर्षं पंपांच्या आवाजात बोलल्यामुळे आवाज असा की लॉकरमधल्या लोकांनाही ऐकू जावा. मी हळूच विचारलं, "काका, आमच्या टाकीतले बाला शार्क अंडी घालत नाहीत. काय दोष असेल?"

"शार्क कसला! रोहूचा चुलतभाऊ तो!" काका कडाडले. "अंडी असतात हो! मोठी झाली की पोटभर असतात! सोडत नाही एवढंच!"

रांग गप्प झाली. शेजारच्या काउंटरवरच्या बाईंनी नोटा मोजणं थांबवलं. शाखेत सगळ्यांना आमच्या घरची परिस्थिती माहीत होती आणि त्यांना वाटलं, विषय तोच चाललाय.

मग काकांनी जे सांगितलं ते मी दोन पेन्शनरांची पासबुकं चुकवून ऐकलं. रोहू, कटला, मृगळ हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले मासे. त्यांना आपल्याकडच्या तळ्यांत, धरणांत आणून सोडलं. खातात, पितात, दोन-दोन हात वाढतात. पण थांबलेल्या पाण्यात वीण होत नाही. मादीच्या पोटात अंडी तयार होतात, नर तयार असतो, सगळी सिद्धता असते. वाट असते ती पुराची. पाऊस पडावा, नदी फुगावी, गढूळ ताजं पाणी उथळ गवताळ रानात पसरावं, त्या लोंढ्याचा अंगाला धक्का लागावा. ही खूण पटली की मेंदू त्याच्याखालच्या पीयूष ग्रंथीला कळवतो, ती आपला रस रक्तात सोडते आणि मग अंडी सुटतात. तळ्यात लोंढा नाही, म्हणून खूण नाही. खूण नाही म्हणून हुकूम नाही.

मला हे तत्काळ समजलं. शाखेनं सगळे कागद तयार ठेवलेत, जामीनदार सही करून बसलाय, कर्जदार दारात उभा आहे आणि मुख्य कार्यालयाकडून मंजुरीच येत नाही. "मग त्या अंड्यांचं होतं काय?" मी विचारलं. काका म्हणाले, "काही नाही. हंगाम सरला की शरीरातच जिरतात." म्हणजे मुदत संपली, रक्कम मूळ खात्यात परत.

पूर्वी म्हणे या माशांचं बीज नद्यांतूनच गोळा करावं लागे आणि बंगालमधून मडक्यांत भरून रेल्वेनं लांबलांब न्यावं लागे. मग १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुळ इथं डॉ. हिरालाल चौधुरी यांनी तोड काढली. एका माशाच्या डोक्यातली ती इवलीशी ग्रंथी काढून तिचा अर्क केला आणि दुसऱ्या माशाला टोचला. माशाला पूर आल्यासारखं वाटलं. साध्या थांबलेल्या पाण्यात त्यानं अंडी सोडली. आता १० जुलै हा दिवस देशभर मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. मुख्य कार्यालयाची सही स्वतःच करून शाखेकडून रक्कम उचलण्याचा हा प्रकार. आमच्याकडे असं केलं तर खातेनिहाय चौकशी लागते. चौधुरींचं नाव झालं, आणि ते व्हायलाच हवं होतं. आज आपल्या ताटात रोहूचा तुकडा पडतो, तो बहुतेक या सुईच्या कृपेनं. तुमच्या-आमच्या टाकीतले बाला शार्कही परदेशातल्या केंद्रांत असेच सुई टोचून जन्माला घालतात, असं काका म्हणाले.

घरी परतताना माझ्या डोक्यात मात्र अंगुळ नव्हतं, कणकवली होती. आमच्याकडे मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला की ओढ्यातले मासे पाण्याला उलटे चढून भातशेतांत येतात. चढणीचे मासे. रात्री बत्ती घेऊन लोक ते पकडायला निघतात. पोटात भरगच्च गाबोळी असते आणि ती खाताना आपण कुणाचं काय खातोय हा विचार कोकणात कुणी करत नाही. वर्षभर हे मासे खालच्या डोहात असतात, पण संसारासाठी वर येतात ते पावसाच्या लोंढ्यावर.

माझे वडील असेच चढणीचे. गिरणीत साच्यावर कामाला, लालबागेत एका खोलीत गावचे अकरा गडी, पाळीपाळीनं झोपायचे. आई गावी. आमच्यासारख्या शेकडो घरांत हीच तऱ्हा. वडील वर्षातून एकदा, गणपतीला, भर पावसात एसटीनं घाट उतरून गावी जायचे. आम्हा तिघा भावांचे जन्म जूनमधले. शाळेत नाव घालताना मास्तर सरसकट एक जून लावत, तशा या तारखा नव्हेत. खऱ्या. गणपतीपासून बोटं मोजा, जूनच येतो. आमच्या वाडीत जून महिन्यात सुईणीला जेवायला फुरसत नसे, असं आई सांगते. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तो आमच्यापुरता कधी संपलाच नाही. वडिलांनी रखवालदारी धरली, खोलीतले गडी पांगले आणि १९८४ साली आई आम्हाला घेऊन मुंबईत आली. नवराबायको पहिल्यांदाच बारा महिने एका छपराखाली आली. त्यानंतर आमच्या घरात पाळणा हलला नाही. एका पिढीचा हा एवढा सरळ हिशेब माझ्या बीकॉमच्या नजरेतून इतकी वर्षं सुटला होता.

हे मी हिला सांगितलं. ही म्हणाली, "मग गणपतीला गावी जाऊया. पण गेली नऊ वर्षं जातोयच की."

खरंच होतं. गणपतीत निम्मा महाराष्ट्र आमच्या गल्लीच्या तोंडाशी नवसाच्या रांगेत तासन्‌तास उभा असतो, नातेवाईक फोन करून म्हणतात, तुमच्या तर दारातच आहे, आणि नेमके त्या वेळी आम्ही गावी घरच्या गणपतीपुढे बसलेलो असतो. गावाहून आल्यावर हीनं एका वर्षी नवसही बोलून पाहिला. डॉक्टर तर आधीपासूनच होते. परळच्या एका दवाखान्यात आमच्या दोघांच्या सगळ्या तपासण्या झाल्या. रिपोर्ट नॉर्मल. रिपोर्ट नॉर्मल या दोन शब्दांइतकं छळणारं दुसरं काही मी वाचलेलं नाही. काही निघालं असतं तर चाळीला तरी सांगता आलं असतं. दोष नाही म्हटल्यावर प्रत्येक जण आपापल्या परीनं तो शोधतो, आणि शोधत शोधत नेहमी बायकोच्याच दाराशी येतो. माझ्याकडे बघून कुणी कधी "बिचारा" याच्यापलीकडे गेलं नाही. तिला मात्र बारशाला बोलवायचं की नाही, यावर लोकांच्या घरी बैठका होत. खुद्द काकू, ज्यांच्या सल्ल्यानं टाकी आली, त्यांनी नातीच्या बारशाला फक्त माझ्या आईला बोलावलं. गप्प्यांची पिल्लं पाहायला मात्र त्या रोज येत.

२०१८ साली आम्ही पुढचा उपाय करायचं ठरवलं. आमच्या घरापासून केईएम रुग्णालय चालत जाण्याजोगं आहे. ६ ऑगस्ट १९८६ ला तिथं डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून हर्षा चावडा या मुलीचा जन्म झाला. शास्त्रीय नोंदींसकट जन्मलेली भारतातली ही पहिली टेस्ट ट्यूब बेबी. मी तेव्हा आठ वर्षांचा. बाळ काचेच्या नळीत वाढतं असं कुणीतरी सांगितलं होतं आणि ते कसं दिसतं हे पाहायला आम्ही चाळीतली पोरं फाटकापर्यंत गेलो होतो. रखवालदारानं हाकललं. बत्तीस वर्षांनी मी त्याच परळमध्ये, दुसऱ्या एका दारात, पीएफचे पैसे काढून उभा होतो. रजेच्या अर्जात कारण लिहिलं होतं, 'कौटुंबिक'.

पंधरा दिवस रोज इंजेक्शनं. शेवटचं एक इंजेक्शन नेमलेल्या रात्री बरोबर साडेअकराला घ्यायचं, पाच मिनिटं इकडे नाही की तिकडे नाही. मी ते बर्फाच्या डब्यात घालून आणलं. खोलीत फ्रिजजवळ आई झोपलेली, टाकीचा दिवा तेवढा चालू. त्या उजेडात मी खोक्यावरचं औषधाचं नाव वाचलं: एचसीजी. नाव डोक्यात राहिलं. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला काका आले तेव्हा मी सहज विचारलं, "काका, एचसीजी म्हणजे काय हो?"

"अहो, तेच की! ते तर आम्ही माशांनासुद्धा..." काकांनी सुरुवात नेहमीच्या पट्टीत केली आणि एकदम थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पासबुक उचललं. मग, मी त्यांना ओळखतो तेव्हापासून पहिल्यांदाच, हळू आवाजात म्हणाले, "आम्ही सगळं बरोबर करायचो. औषध तेच, पाणी तेच, मासा तसाच. तरी एखादी मादी सोडायची नाही. वहीत कारणाचा रकाना होता. 'अज्ञात' लिहायचो." थोडं थांबून म्हणाले, "तिला पुन्हा तळ्यात सोडायचो. पुढं छान वाढायची." पुढच्या महिन्यात आले तेव्हा त्यांनी माशाचा विषय काढला नाही. मुदत ठेवीच्या व्याजदराबद्दल भांडले.

अर्थात ज्याला कुणी बोलावलं नाही, त्याचं पाण्याशी लगेच जमतं, हेही खरं. १९५२ साली आपल्या देशात आणलेल्या आफ्रिकेच्या चिलापीचंच बघा. मादी अंडी तोंडात धरून उबवते, तिला ना पूर लागतो ना नदी; जिथं सोडली तिथं इतकी झाली की दुसऱ्या माशांना जागा उरेना. उलट १९५९ मध्ये मोठ्या हौसेनं आणलेले गवत्या आणि चंदेरा. यांची अंडी धड तरंगत नाहीत की धड बुडत नाहीत. फुटेपर्यंत त्यांना वाहत्या नदीनं मैलोन्‌मैल झुलवत न्यावं लागतं. पाणी थांबलं की अंडं तळाच्या गाळात गेलंच. तळ्यात यांची सुईशिवाय वीण होईना. आणि मग १९७१ च्या पुरात हिमाचलातल्या एका बीज केंद्रावरून काही चंदेरे निसटले, गोविंदसागर जलाशयात पोहोचले आणि कुणीही न सांगता तिथं नांदू लागले. सरकारी योजनेपेक्षा पुराला जास्त कळतं असं म्हणायला हरकत नाही, पण पुराला अर्ज कुठं करायचा?

आमचे तीन प्रयत्न झाले. तिन्ही वेळा दवाखान्यातल्या बाईंचा फोन दुपारी, बँकेच्या गर्दीच्या वेळी आला. तिसऱ्या वेळेला, २०१९ च्या पावसाळ्यात, मी घरी आलो तेव्हा ही तांदूळ निवडत बसली होती. म्हणाली, "आता पुरे." मी बरं म्हटलं. आई मालिका बघत होती, तिनं आवाज कमी केला. आमच्या घरात मालिकेचा आवाज कमी होणं ही केवढी गोष्ट आहे, हे बाहेरच्याला कळायचं नाही.

त्याच आठवड्यात एका सकाळी ही ओरडली, "अहो, इकडे या!" टाकीत पाणी शोषायच्या नळीवर एंजलांनी अंडी चिकटवली होती. ओळीनं, मोत्यांसारखी, दोनशेतरी असतील. दोघंही समोर उभे राहून आळीपाळीनं पंखांनी वारा घालत होते. मी रजा टाकली नाही इतकंच. दिवसभर चित्त काउंटरवर नव्हतं. योगायोगानं काका आले. मी फोनवर काढलेला फोटो दाखवला. त्यांनी तो दोन बोटांनी मोठा करून पाहिला.

"जरा जास्तच अंडी आहेत. दोघींनी घातलेली दिसतायत."

"दोघींनी?"

"दोन्ही माद्या आहेत हो. एंजलात नर-मादी डोळ्यांना कळत नाही. नर नसला की दोन माद्या जोडी करतात, अंडी घालतात, राखतातसुद्धा. तीन दिवसांत पांढरी पडतील."

घरी येऊन मी सांगितलं. क्रॉफर्ड मार्केटातल्या त्या दुकानदाराला मनातल्या मनात काय वाटेल ते बोललो. ही काहीच बोलली नाही. आईच म्हणाली, "मगे काय झाला? गावाक आमी बायलमाणसाच रवत होतंव. घोव मुंबयत."

दुसऱ्या दिवशी काही अंडी पांढरी झाली. एंजल ती एकेक करून तोंडानं टिपत होत्या आणि उरलेल्यांना वारा घालत होत्या. शार्क जवळ आले की दोघी मिळून अंगावर धावून जात. रात्री जेवणं झाली, अंथरुणं पडली. एरवी रात्रभर त्या दिव्याचा माझ्या डोळ्यांवर उजेड येतो म्हणून मीच तक्रार करत असतो. ही टाकीजवळ स्टूल घेऊन बसली होती. कितीतरी वेळ. मला वाटलं, काहीतरी बोलावं, पण कॉमर्सच्या पदवीत ते शिकवत नाहीत.

"अहो," ती म्हणाली, "दिवा घालवा आता. दमल्यात त्या."

मी उठून बटण बंद केलं. अंधारात हवेच्या पंपाची बुडबुड तेवढी चालू राहिली. पाचला पाणी येणार होतं, म्हणून मी बादली नळाखाली लावून ठेवली.